एक चपटी स्प्रिंग, नग एक

ओडिलॉन साहेब,
पार्सल पोचलं. बिस्किटांचा डबा, वर नामूरचा शिक्का,
आत मोज्यात गुंडाळलेलं तुमचं पिस्तूल.
मोजा लोकरीचा, एकाच पायाचा.
दुसरा कुठे, ते विचारत नाही.

तुम्ही लिहिता, कारखान्याला कळवून
सुटा भाग मागवून घ्या.
कोणता कारखाना, साहेब?
नळीवर कोरलेल्या नावाच्या जागी
आज दातांचा दवाखाना आहे.
त्याआधी तिथे स्टेपलर व्हायचे, त्याआधी सायकलच्या साखळ्या,
त्याआधी वर्षभर नुसती राख.
एइबारमध्ये यंत्रं फारशी बदलत नाहीत,
यंत्रांतून बाहेर काय पडतं, ते बदलतं.

आणि सुटा भाग म्हणाल,
तर तेव्हा कुठलाच भाग सुटा नव्हता.
दोन हजार पिस्तुलं, दोन हजार खाचा,
प्रत्येक खाच कुणाच्या तरी मनगटाची.
एकाची स्प्रिंग दुसऱ्यात घालावी
तर बसते,
पण रुसून बसते.

मुठीचे स्क्रू दोन.
एक निघाला. दुसरा तीन दिवस नाही म्हणाला.
चौथ्या दिवशी तेल सोडून मी जेवायला गेले,
परत येते तो हलका झालेला.
कुणी बघत नसलं की काही माणसंही अशीच वळतात.

आत गंज, चिमूटभर तंबाखू,
मोडक्या स्प्रिंगचा अर्धा तुकडा.
आणि भिंगाखाली कानशीचे ओरखडे.
ते उलटे होते.

आमच्याकडे बायका कानस चालवायच्या,
घरी, खिडकीपाशी, नगामागे पैसे.
सगळ्यांचे ओरखडे एकाच अंगाला उतरतात,
आमच्या गल्लीसारखे, खाली नदीकडे.
उलटा उतार एकीचाच.
बेनिता मावशी. डावखुरी.
शाळेत नन्सनी वर्षभर
तिचा डावा हात पाठीशी बांधून ठेवला होता;
सुटला तो थेट कानशीवर पडला.

मला आठवते ती म्हातारी मावशी.
बोटांना लोखंडाचा वास, तिच्या कॉफीच्या कपालाही.
पिस्तुलांचा विषय निघाला की एवढंच म्हणायची,
मी खाच करते,
पुढचं खाच जाणे.

तुमच्या आजोबांनी ते कधीच झाडलं नाही,
असं तुम्ही लिहिलंय.
दोनदा लिहिलंय.
एकदा पत्रात, एकदा ताजा कलम म्हणून.
घोड्याचं तोंड झिजलंय, साहेब.
मी वकील नाही. दिसलं ते कळवते.

स्प्रिंग नवीन केली.
पोलाद तापलं की आधी गवती होतं, मग जांभळं, मग निळं.
निळ्यावर थांबायचं.
एक श्वास जास्त घेतला, की पाणी उतरलं.
पहिली मोडली. दुसरी आळशी निघाली.
तिसरी मी डाव्या हाताने घासली.
का, ते नीट सांगता यायचं नाही.
वेळ तिप्पट गेला, अंगठ्याचं साल गेलं,
पण खाचेत ती अशी जाऊन बसली
की दिवा जवळ धरूनही
कुणाचा हात कुठे संपला, ते दिसेना.

चाप ओढला.
टक.
जिन्यावरच्या मांजरीने कान टवकारले आणि पुन्हा झोपली.
नळी कधीच बुजवलेली आहे, तसा पोलिसांचा कागदही डब्यात आहे.
तरी मी हात पुसले.
मग परत एकदा पुसले.

बिल सोबत.
चपटी स्प्रिंग, नग एक. स्क्रू, नग एक.
तीन दिवसांचं तेल, माफ.
डाव्या हाताची मजुरी लावलेली नाही.
मोजा धुऊन पाठवते आहे. टाचेला भोक होतं, ते रफू केलं,
ते काम मला उजव्याने येतं.

मोडका अर्धा तुकडा मात्र
मी ठेवून घेतला आहे.
हवा असेल तर कळवा.
नको असेल, तरी कळवा.

गार्बिन्ये